भाताच्या गिरणीतला बायकांचा खेळ

त्या उन्हाळ्यात मी पुण्याहून सुट्टीला कर्जतला आले, तेव्हा आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. बाबा मराठी शाळेचे हेडमास्तर होते आणि एरवी त्यांचा आवाज आळीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. पण आता ते ओटीवर वर्तमानपत्र उघडून बसत आणि पान उलटायचं विसरून जात. आई चुलीपाशी पेज ढवळताना पळीचासुद्धा आवाज होऊ देत नसे. घरात आवाज यायचा तो फक्त स्टेशनाचा. घाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडत, ती एकमेकांना शिट्टी देऊन निघत आणि मग त्यांची धाप डोंगराच्या अंगाने वर वर जात राही. तो आवाज विरला की आमच्या घरातली शांतता पुन्हा जाणवायची. मामाकडे राहून इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेली, पंधरा वर्षांची, बडबडी मुलगी मी. दोन दिवसांत मीही कुजबुजायला लागले.

कारण होती माझी बहीण, वेणूताई. तिला खालापूरला दिलं होतं. भावोजी तिथल्या कचेरीत कारकून होते. चार वर्षं ती सासरी नांदली, मूल झालं नाही. मग एका संक्रांतीला सासूबाईंनी तिला पंधरा दिवस माहेरी जाऊन यायला सांगितलं, स्वतः तिच्या ट्रंकेला कुलूप लावून दिलं आणि टांग्यात बसवलं. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. न्यायला कोणी आलं नाही. बाबांनी पत्रं टाकली, दोनदा स्वतः जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांना चहा मिळाला आणि 'बघू, अधिकात नको, चातुर्मासात नको' असली उत्तरं मिळाली. ताई रोज दुपारी दाराच्या आतल्या बाजूला बसून तांदूळ निवडायची, म्हणजे पोस्टमन आमच्या दारावरून पुढे गेलेला तिला दिसायचा. तो पुढे गेला की ती सूप उचलून आत यायची. एवढंच. रडत नसे. रडली असती तर आईला बरं वाटलं असतं. मला आल्या दिवशीच आईने परसात नेऊन सांगितलं, "ती नदीवर धुणं घेऊन जाते ना, तेव्हा तू संगती जात जा. तिला कळू देऊ नकोस मी सांगितलंय म्हणून." मी का ते विचारलं नाही. पंधराव्या वर्षी तेवढं कळतं. उल्हास नदीच्या त्या डोहाशी, ताई पिळे घालत असताना, मी तिच्या पाठीवरून नजर काढत नसे. आज एवढ्या वर्षांनीसुद्धा दगडावर कपडे आपटल्याचा आवाज आला की माझी नजर आधी ताईला शोधते.

अशात गावात सिनेमा आला. संध्याकाळचा खेळ तंबूत आणि दुपारी फक्त बायकांसाठी वेगळा, भाताच्या गिरणीच्या गोदामात. वैशाखात गोदाम रिकामं पडलेलं असे. खिडक्यांवर गोणपाटं ठोकली की आत अंधार करता येत होता. कंपनीचे मालक दामूअण्णा म्हणून एक जाडसर, घामाने कायम भिजलेले गृहस्थ होते. त्या काळी चित्रं मुकी असत. मधे मधे इंग्रजी अक्षरं पडद्यावर येत आणि कंपनीचा एक माणूस पडद्याशेजारी उभा राहून ती मराठीत सांगत असे. दामूअण्णांचा तो माणूस कर्जतच्या हिवतापाने तंबूत थडथडत पडला होता. हेडमास्तरांची मुलगी इंग्रजी शिकते हे कोणीतरी त्यांना सांगितलं आणि ते सरळ आमच्या ओटीवर येऊन बसले.

"बायकांचाच खेळ आहे, मास्तर. मशिनवाल्याशिवाय पुरुष माणूस आत नाही. चांगलं घरगुती चित्र आहे, विनोदी. अमेरिकेचं."

बाबा नाहीच म्हणणार होते. आईनेही आतून मान हलवली होती. तेवढ्यात ताई दाराशी येऊन उभी राहिली. परक्या माणसासमोर ती कधी येत नसे. ती म्हणाली, "जाऊ दे की तिला, बाबा. मी बसेन तिच्याजवळ." तिने आपणहून एखादी गोष्ट मागितली, असं दोन वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि दामूअण्णांना हो म्हणून टाकलं.

आदल्या दिवशी दामूअण्णांनी मला आणि ताईला चित्र एकदा चालवून दाखवलं. त्याचं इंग्रजी नाव आता आठवत नाही. बाहेरच्या पाटीवर दामूअण्णांनी खडूने 'धांदरट नवरा' असं लिहिलं होतं. एक नवं जोडपं असतं. नवरा गोरागोमटा, गोल चष्म्याचा, चांगल्या मनाचा, पण भित्रा. त्याची आई पिसांची टोपी घालून मुलाकडे राहायला येते. तिचं सुनेशी पटत नाही. एक दिवस ती सुनेला पेटीसकट दाराबाहेर काढते आणि नवरा खांबामागे उभा राहून हातातली टोपी चुरगळत बसतो. सून डोंगरावरच्या एका मोठ्या हॉटेलात नोकरीला लागते. मग याला उपरती होते, हा तिला आणायला जातो आणि तिथून पुढे सगळी धमाल. चुकीच्या खोलीत शिरणं, बाईचा झगा घालून लपणं, मळक्या कपड्यांच्या करंडीत बसणं आणि करंडीसकट जिन्यावरून गडगडणं. शेवटी सगळं गोड होतं. चित्रातल्या माणसांना मराठी नावं द्यायची, असं दामूअण्णांनी बजावलं होतं, नाहीतर बायकांना कळत नाही म्हणे. मी तिचं नाव मालती ठेवलं आणि त्याचं वसंत. त्या दिवशी ताई एकदाही हसली नाही. मालती पेटी घेऊन दारात उभी राहते, तिथे तिने माझा हात धरला. तिचा हात उन्हाळ्यातसुद्धा गार होता.

दुसऱ्या दिवशी गोदाम भरून गेलं. लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, नवऱ्या मुली. मागे भिंतीला टेकून डोंगरातल्या ठाकरांच्या बायका आपल्या पाट्या घेऊन बसलेल्या. त्यांच्यात आम्हाला करवंदं देणारी चांगुणाही होती. आत तुसाचा वास, घामाचा वास, सुकलेल्या मोगऱ्याचा वास. बाहेर मशिनच्या दिव्यासाठी लावलेलं इंजिन धडधडत होतं आणि मशिनवाला हाताने हँडल फिरवत होता. मी पडद्याशेजारी पिंपावर उभी राहिले. पुढच्याच रांगेत मला दुर्गावन्सं दिसल्या. दुर्गावन्सं म्हणजे ताईची नणंद. त्यांना कर्जतच्या बाजारपेठेतच दिलं होतं. त्या आमच्याकडे येत नसत आणि वाटेत भेटल्या तर पदर सावरत दुसऱ्या बाजूला बघत असत. ताई त्यांच्यापासून चार बायका सोडून बसली होती.

मी काय करणार आहे ते मला आधी ठाऊक नव्हतं. मी ते ठरवून केलं, असं आई पुढे बरीच वर्षं म्हणत राहिली. ठरवलं नव्हतं. मालती पेटी घेऊन दारात उभी राहिली. पडद्यावर एकच शब्द आला, निरोपाचा. पण त्या बाईचा चेहरा पडद्यावर कितीतरी वेळ राहिला, तिचे ओठ हलत राहिले, आणि गोदामातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या की ती काय म्हणतेय ते सांग. आणि मी सांगितलं.

"सासूबाई, माझं चुकलं काय तेवढं सांगा. चार वर्षं मी या घरात राबले. संक्रांतीला पंधरा दिवस जाऊन ये म्हणालात आणि ट्रंकेला तुम्हीच कुलूप घातलंत. किल्ली अजून तुमच्याकडे आहे. मूल होणं माझ्या एकटीच्या हातात आहे का? मी नको असेन तर नको म्हणून सांगा. पण रोज दारात बसवून ठेवू नका."

अमेरिकेतल्या त्या बाईच्या तोंडी संक्रांत. कुठल्याही बाईला हसू आलं नाही. कोणीतरी हुंदका दिला, मागून एक ठाकरीण स्पष्ट म्हणाली, "खरं हाय गं बाय." कर्जतच्या बायकांना ही ट्रंक कोणाची ते सांगावं लागणार नव्हतं. दुर्गावन्सं ताठ बसल्या होत्या. पडद्याच्या उजेडात त्यांच्या नाकातली नथ तेवढी हलताना दिसत होती. पुढची अक्षरं आली आणि मी घाईघाईने चित्राकडे वळले.

मग हॉटेलातला भाग सुरू झाला. बायका सैल झाल्या. वसंत झगा घालून जिन्यावरून उतरला तेव्हा हशा पिकला. तो करंडीत शिरला, वरून दोघींनी आणखी कपडे कोंबले, करंडी उचलायला आलेल्या माणसांच्या पाठी मोडल्या आणि करंडी सुटली ती जिन्यावरून गडगडत, पायऱ्या मोजत खाली. मधेच झाकण उघडून त्याचं चष्मा घातलेलं तोंड बाहेर आलं. त्या क्षणी ताई हसली. नुसतं हसू नव्हे. तिला हसण्याची उबळ आली. डोळ्यातून पाणी येईपर्यंत, शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून, दोन वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडावं तसं ती हसत राहिली. करंडी थांबली, बाकीच्या बायका थांबल्या, ताईचं हसणं थांबेना. दुर्गावन्सं मान वळवून तिच्याकडे बघत होत्या.

चौथ्या दिवशी पोस्टमन आमच्या दाराशी थांबला. ताईनेच पत्र घेतलं आणि न वाचता बाबांच्या हातात दिलं. कार्ड सासऱ्यांच्या नावाचं होतं. चिरंजीवांचं दुसरं लग्न याच महिन्यात योजलं आहे. आपल्या कन्येची भांडी व कपडे येऊन घेऊन जावेत. ज्या घरातली मुलगी चारचौघांत पिंपावर उभी राहून सोयऱ्यांची बेअब्रू करते आणि जिची बहीण त्यावर खदाखदा हसते, त्या घराशी आता बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

बाबांनी ते मोठ्याने वाचलं. कदाचित वाचायला सुरुवात केल्यावर थांबायचं कुठे ते त्यांना कळलं नसावं. आई जमिनीवर बसली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या जिभेने घात केला तिचा. आज ना उद्या नेलं असतं त्यांनी."

"ती खोटं काही बोलली नाही, आई," ताई म्हणाली.

"खरं बोलून काय मिळालं? तूच सांग मला. काय मिळालं?"

ताईने सूप उचललं आणि ती आत गेली. त्या दुपारी ती धुणं घेऊन निघाली, तेव्हा आईने मला डोळ्याने खूण केली आणि मी मागे गेले. ताई डोहाच्या काठाला घोट्याएवढ्या पाण्यात बराच वेळ उभी राहिली. कपडे दगडावर तसेच पडले होते. शेवटी ती मागे न बघता म्हणाली, "मी उडी नाही मारणार गं. तू घरी जा." मी गेले नाही. ती पाण्यात उभी आणि मी काठावर, दोघी ऊन उतरेपर्यंत तशाच होतो. बाबा दिवसभर ओटीवर बसून होते. खालापूरला जाऊन पाया पडावं एवढं त्राणही त्यांच्यात उरलं नसावं. मग मी मनात म्हटलं, घाण मी केली आहे, निस्तरायला मीच गेलं पाहिजे. सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवायचं, त्या म्हणतील तिथे नाक घासायचं, गावासमोर थोबाडात मारून घ्यायचं. पण ते लग्न थांबवायचं.

सकाळी चांगुणा करवंदांची पाटी घेऊन आली, तेव्हा मी तिला परसदारी गाठलं. ती सकाळच्या गाडीने खोपोलीच्या बाजाराला निघाली होती.

"खालापूरला तुजं काय काम गं?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने पाटी खाली ठेवली. "एकली नको जाऊ. आमी हाय ना. चल माज्यासंगं. पर घरात सांगून ये."

घरात सांगणं शक्य नव्हतं. 'खालापूरला जाऊन येते' एवढी चिठ्ठी मी ताईच्या फणीखाली ठेवली आणि निघाले. खोपोलीला उतरून आम्ही दोघींनी पायी खालापूरची वाट धरली. दीड-दोन कोसांची वाट, वर ऊन, खाली फुफाटा. चांगुणा पाटी डोक्यावर घेऊन अनवाणी पुढे, मी चपला हातात घेऊन मागे, कारण एका चपलेचा अंगठा तुटला होता. वाटभर मी सासूबाईंपुढे काय बोलायचं ते घोकत होते. पण त्यांच्या घरासमोर पोचले, तेव्हा अंगणात मांडवाचे बांबू रोवणं चाललं होतं आणि दारात कुणी दोन बायका हळद कांडत गाणं म्हणत होत्या. ते गाणं ऐकून माझे पाय पुढे जाईनात. मी तशीच वळले आणि कचेरीकडे गेले. चांगुणा चिंचेखाली पाटी ठेवून बसली आणि शिपायाने भावोजींना बाहेर बोलावलं.

सहा वर्षांपूर्वी ताईच्या लग्नात मी त्यांचा कान पिळला होता. आता समोर आलेला माणूस वाळलेला, पुढचे केस गेलेला, बोटांना शाई लागलेली. मला बघून ते घाबरले. आधी मागे कचेरीच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सरळ त्यांचे पायच धरले.

"ऊठ, ऊठ. लोक बघतायत."

"मी बोलले ते माझं एकटीचं होतं, भावोजी. ताईला काही ठाऊक नव्हतं. मला काय हवी ती शिक्षा द्या. मी वन्संच्या पाया पडते, सासूबाईंच्या पाया पडते. पण ताईला टाकू नका. तिचं काही बरं दिसत नाही. नदीवर गेली की आम्हाला भीती वाटते."

धोतराच्या सोग्याने कपाळ पुसत ते म्हणाले, "तू बोललीस म्हणून नाही हे. लग्न चैत्रातच ठरलं. तुमचा तो सिनेमा यायच्या कितीतरी आधी. पत्र टाकायचं माझ्याकडे होतं. माझा धीर होत नव्हता, मी आज-उद्या करत राहिलो. मग दुर्गा येऊन सांगून गेली, तेव्हा आईला वडिलांकडून लिहवून घ्यायला कारण मिळालं. एवढंच."

"म्हणजे मी नसते बोलले तरी..."

"तरी हेच होतं."

मी उठून उभी राहिले. त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "दुर्गा म्हणाली, ती हसली. मोठ्याने. खरंच हसली?"

"हो."

"मी तिला हसताना कधी ऐकलं नाही." बोटांवरची शाई चोळत ते म्हणाले, "कशाला हसली?"

मी सांगितलं. चित्रातला नवरा करंडीत लपतो आणि करंडी जिन्यावरून गडगडते, म्हणून. ते ऐकता ऐकता त्यांच्या तोंडावर पुसटसं हसू आलं. आपण कशाला हसतोय हे त्या माणसाला कळलं नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला इतकंच दिसलं की ते फार एकटे आहेत आणि त्यांच्याकडून काही होणार नाही. आतून कोणीतरी हाक मारली आणि ते निरोप न देता आत गेले.

ताईचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण हे प्रकरण मला कर्जत स्टेशनावर संपवायचं आहे. लग्न ठरल्या दिवशी झालं. त्यानंतरचे काही महिने आमच्या घराने कसे काढले ते लिहिण्याची माझी ताकद नाही. ताई वाचली, एवढं खरं. दुसऱ्या वर्षी ती स्वतःहून बाबांना म्हणाली की मला मामाकडे पुण्याला धाडा. तिथे ती सुइणीचं काम शिकली आणि पुढे जन्मभर घाटाखालच्या वाड्यापाड्यांतून बायकांची बाळंतपणं करत हिंडली. शेकडो मुलं तिच्या हातावर जन्मली. कपाळाचं कुंकू तिने भावोजी जाईपर्यंत लावलं. का, ते मी कधी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. चांगुणाने विकून उरलेली करवंदं माझ्या ओंजळीत घातली आणि मला आठवलं की सकाळपासून मी काही खाल्लं नाही. मी ती अधाशासारखी खाल्ली. आणि खाता खाता माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटतंय. छातीवरची शिळा कोणी उचलून नेली होती. माझ्यामुळे झालं नाही. चैत्रातच ठरलं होतं. मी हेच मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाहेर डोंगर पिवळे पडले होते, वारा तापलेला होता आणि तरी सगळं मला सुंदर दिसत होतं. आईला जाऊन सांगायचं होतं, आई, माझ्या जिभेने नाही. ताईला तिच्या नवऱ्याने टाकलं आहे, ही गोष्ट त्या तासाभरात माझ्या मनात कुठेच नव्हती.

गाडी कर्जतला लागली. चिठ्ठी वाचून बाबा आणि ताई फलाटावर येऊन उभे होते. बाबा कडुनिंबाखाली काठीवर दोन्ही हात ठेवून. ताई पुढे आली होती, एकेका डब्यात डोकावत. तिने मला खिडकीत पाहिलं आणि ती धावली. माझी ताई, जी परक्या माणसासमोर चालतानासुद्धा पाऊल जपून टाकायची, ती भरल्या फलाटावर पदर खांद्यावरून घसरलेला, अशी धावत माझ्या डब्यापाशी आली. तिचे डोळे चमकत होते. मी खाली उतरले तशी तिने माझे दोन्ही खांदे धरले.

"कधी न्यायला येतायत?" तिने विचारलं.

ती माझा चेहरा न्याहाळत राहिली आणि मग तिचे हात हळूहळू सैल पडले.

"खिडकीत हसत होतीस," ती म्हणाली, "म्हणून मला वाटलं."